गाडी फक्त जाताना तापते

२५ मार्च, मंगळवार

आज येरवड्याच्या सिग्नलला गाडी उकळली. तापमानाचा काटा लालमध्ये, बॉनेटमधून वाफ आणि मागून हॉर्न. पुण्यात रस्त्यात माणूस पडला तरी आधी हॉर्न वाजवतात, मग बघतात. बायकोला, हिराला, रिक्षात बसवून पुढे पाठवलं आणि मी बाटलीतलं पाणी ओतत उभा राहिलो. तिची वेळ अकराची, पोचली साडेअकराला. डायलिसिसच्या खुर्च्या मोजक्या असतात. उशीर झाला की तेवढी मिनिटं कापतात, पुढचा पेशंट थांबलेला असतो.

दुपारी तिला घरी आणून सोडल्यावर गाडी नाना पेठेत शकीलभाईंकडे नेली. चौदा वर्षं ही गाडी त्यांच्याच हातात आहे. त्यांनी तासभर इंजिन चालू ठेवलं, पंख्याला हात लावून पाहिला, पाणी पाहिलं. काटा अर्ध्याच्या वर जाईना. डॉक्टरसमोर बसलं की दाढ दुखायची थांबते, तसला प्रकार. शेवटी म्हणाले, "साहेब, आता रोज लिहून ठेवा. किती वाजता तापली, कुठे तापली, एसी चालू होता का बंद. ती वही मला दाखवा."

म्हणून ही वही. चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो, दुकानदारांचे काटे तपासून रजिस्टरं भरली. निवृत्त झाल्यावर कोणी काही लिहून मागेल असं वाटलं नव्हतं. हिरा म्हणाली, "झालं, आता गाडीचीपण फाइल उघडली."

वहीत गाडीशिवायचंही लिहिणार आहे. शकीलभाईंना तेवढी पानं दाखवणार नाही.

२७ मार्च, गुरुवार

जाताना: संचेतीच्या पुलाजवळ काटा पाऊणवर, बंडगार्डनला त्याच्याही वर. एसी बंद. गाडी पाच मिनिटं बाजूला थांबवली, मग निघालो. वेळेवर पोचलो.

येताना: दुपारचे चार, डोकं फुटेल असं ऊन, नगर रोडला पाऊण तास अडकलो. काटा अर्ध्यावर, हललासुद्धा नाही. म्हणजे थंड वेळेला तापते आणि तापायच्या वेळेला थंड. सरकारी खात्यातही असला उलटा कारभार पाहिला नाही.

डायलिसिस झालं की हिराला हुडहुडी भरते. सगळं रक्त बाहेर फिरून आत येतं, शरीर गार पडतं, असं सिस्टर संस्कृती म्हणाल्या. त्या तिथल्या आमच्या नेहमीच्या सिस्टर. येताना मी गाडीतला हीटर लावतो, काचा बंद करतो. हिरा शाल गुंडाळून झोपते आणि मी एप्रिलच्या तोंडावर हीटर लावून शर्ट पिळत कोथरूडला येतो. सोसायटीचा वॉचमन विचारतो, काका, पोहायला गेला होता का.

हिराची परिस्थिती लिहून ठेवतो. दोन्ही किडन्या जानेवारीत गेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. कोथरूडात जागा मिळाली नाही म्हणून खराडीला. मानेत नळी बसवली आहे, ती तात्पुरती. डाव्या हाताची शीर जोडून घेतली आहे, ती मेच्या मध्यापर्यंत तयार होईल, मग डायलिसिसच्या सुया तिथे टोचतील आणि नळी काढतील. तोवर नळीला जपा, असं डॉक्टर दर भेटीत बजावतात. मेच्या मध्यापर्यंत तिला न चुकता नेणं-आणणं हे माझं काम. मला स्वयंपाक येत नाही, पथ्याचं कळत नाही, तिचे रिपोर्ट वाचले की डोकं गरगरतं. गाडी चालवता येते.

१ एप्रिल, मंगळवार

रविवारी शकीलभाईंनी थर्मोस्टॅट बदलला. आज जाताना पुन्हा येरवड्याला काटा लालच्या कडेला. येताना काही नाही.

५ एप्रिल, शनिवार

हिराला आत सोडून वही घेऊन गॅरेजवर गेलो. हिराची पानं मी क्लिप लावून मिटली होती, बाकीचं शकीलभाईंनी चष्मा लावून पान न् पान वाचलं. माझं अक्षर वाचून खूश झाले. म्हणाले, "रेडिएटर चोंदला असता तर दुपारी चारला आधी उकळली असती. तुमची गाडी चारला गपगुमान चालते. म्हणजे पाण्याचा मामला नाही साहेब, करंटचा आहे. वही नसती तर मी उगाच रेडिएटर खोलत बसलो असतो."

मला फार बरं वाटलं. त्यांनी पंख्याचा रिले आणि तापमानाचा सेन्सर बदलला. सगळी वायरिंग हाताने चाचपून पाहिली. परत येताना मी हिराला सांगितलं की माझ्या नोंदींमुळे बरोबर जागी बोट ठेवता आलं. ती शालीतून म्हणाली, "हीटर अजून वाढतो का बघा ना."

८ एप्रिल, मंगळवार

जाताना तापली. येताना नाही.

१२ एप्रिल, शनिवार

कल्याणीचा बंगळुरूहून पुन्हा तोच फोन. आमची एकुलती एक. तिचं म्हणणं, बाबा, त्या डबड्यात आईला नेऊ नका, मी इथून कॅब बुक करत जाईन. गुरुवारी तिचं ऐकलं होतं. जाताना ठीक गेलो. येताना हिराला कापरं भरलं, मी ड्रायव्हरला हीटर लावा म्हटलं तर तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, काका, एसी बंद करतो, पण हीटर नाही लावणार, मला चक्कर येईल. त्याचंही चूक नाही. हिरा घरी येईपर्यंत माझा हात धरून थरथरत होती. ते मी कल्याणीला सांगितलं आणि कॅबचा विषय बंद केला.

खरं कारण ते एवढंच नाही. कॅबने जायचं ठरलं तर मी कशासाठी बरोबर जाणार? शेजारी पिशवी धरून बसायला? हे हिराला बोललो नाही. तिला कळलेलं असतं.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. विहारात वंदनेला मी एकटाच जाऊन आलो. सगळ्यांनी हिराची चौकशी केली. ती घरून म्हणाली होती, सांगा की बुद्ध पौर्णिमेला येते. मी सांगून आलो.

१९ एप्रिल, शनिवार

आजचा दिवस वाईट. बंडगार्डनच्या पुलावर गाडी बंदच पडली. रिक्षा थांबेना. एक थांबला, तो नळी बघून म्हणाला, पेशंट नको. हिरा उन्हात कठड्याला टेकून उभी, मानेवरची पट्टी पदराने झाकून. पन्नास मिनिटं उशीर झाला. चार तासांच्या जागी तीन तासच मिळाले, आणि शनिवार असला की पुढचं डायलिसिस थेट मंगळवारी. म्हणजे रविवार-सोमवार तिचे पाय सुजणार, रात्री उशा लावून बसून राहणार.

बाहेरच्या बाकावर बसून मला रडू आलं. लिहून ठेवतो, नाहीतरी हे पान कोणी वाचणार नाही. एवढंच एक काम अंगावर घेतलंय आणि तेही धड होत नाही.

संध्याकाळी शकीलभाईंना फोनवर वाटेल ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, उद्या रविवार असला तरी गाडी घेऊन या, वॉटर पंप काढतो.

२२ एप्रिल, मंगळवार

नवा पंप बसला आणि आज गाडी तापली नाही!

जातानाही नाही. कर्वे रोड, संचेती, बंडगार्डन, येरवडा, सगळीकडे काटा अर्ध्यावर खिळलेला. पंधरा मिनिटं आधी पोचलो. हिराला रविवारपासून बरं नाही, उरलेलं पाणी अंगात साचलंय. सकाळीच म्हणाली थंडी वाजते, म्हणून जातानाच हीटर लावला. घाम पुसायलाही मला वेळ नव्हता, डोळे काट्यावर. येताना अर्थात तापली नाहीच.

पंपच होता. शकीलभाईंना फोन करून शनिवारच्या बोलण्याची माफी मागितली.

२६ एप्रिल, शनिवार

गुरुवार आणि आज, दोन्ही दिवस जाताना-येताना काटा अर्ध्यावर. वेळेआधी पोचलो. डायलिसिस पूर्ण चार तास.

हिरा गाडीत बसली की आधी हीटरच्या बटणाकडे हात नेते. तिच्यासाठी चादरही ठेवली आहे मागच्या सीटवर.

२९ एप्रिल, मंगळवार

तापली नाही.

आज सिस्टर संस्कृतींनी आत घेताना नेहमीचे प्रश्न विचारले. ताप, खोकला, थंडी? हिरा खुर्चीवर चढत होती, मीच उत्तर दिलं, नाही. कपाळाला ते बंदुकीसारखं यंत्र लावलं, ताप नव्हता. सकाळी अंग दुखतं म्हणून गोळी घेतली होती तिने. सिस्टर म्हणाल्या, आजी गप्प गप्प आहेत. मी म्हटलं, ती नेहमीचीच थंडीची, माहेर नाशिकचं, तरी पुण्याची थंडी बाधते. सगळे हसलो. वेळेवर पोचल्यामुळे माझा मूड चांगला होता.

बाहेर आल्यावर हिरा म्हणाली, "बरं केलंत. उगाच काही सांगितलं तर ठेवून घेतील. पौर्णिमेला मला घरी राहायचंय."

३ मे, शनिवार

सलग सहा दिवस, म्हणजे बारा फेऱ्या, गाडी एकदाही तापली नाही. लाल शाईने लिहिलं.

घरात पंखा बंद असतो. मे महिन्यात पंखा बंद, हे कोथरूडात फक्त आमच्याकडे. हिरा दोन रजया घेते. काल दात वाजत होते, मी गरम पाण्याची पिशवी दिली. मग एकदम घाम फुटून शांत झोपली. मला वाटतं अंगातलं साचलेलं पाणी असं निघत असेल. शीर जोडलेल्या हाताला बोट लावलं की आत थरथर लागते, ती असली की शीर चालू; तेवढं रोज बघायला सांगितलंय, ते मी बघतो. थरथर छान आहे. अजून दहा-बारा दिवस.

६ मे, मंगळवार

गॅरेजवर पेढे घेऊन गेलो. शकीलभाईंच्या मिसेस बिलकिसभाभी डबा द्यायला आल्या होत्या, त्यांनाही दिले. त्यांनी हिराचं विचारलं. म्हटलं, मजेत, जरा थंडीची झालीय. भाभी म्हणाल्या, एवढ्या उन्हात? मग शकीलभाईंनी नवा पंप आणि जुना पंप यांतला फरक दाखवायला घेतला आणि आम्ही त्यातच रमलो. जुना पंप मला तरी धडधाकट वाटला, पण मी काही बोललो नाही.

८ मे, गुरुवार

गाडी तापली नाही. पोचलो दहा पन्नासला.

डायलिसिस सुरू होऊन अर्धा तास झाला असेल, आतून पळापळ. हिरा खुर्चीसकट हलत होती. चार जणांनी धरलं तरी थांबेना. ब्लडप्रेशर कुठल्या कुठे गेलं. मशीन बंद केलं. वरच्या मजल्यावर आयसीयूत नेलं. मला तिचा चेहरा दिसला नाही, पाय दिसले. एका पायात मोजा होता, दुसरा कुठे पडला कोण जाणे.

१० मे, शनिवार

कल्याणी काल आली. आज डॉक्टरांनी दोघांना बसवून सांगितलं. नळीतून जंतू रक्तात गेलेत आणि हृदयाच्या झडपेवर जाऊन बसलेत. नळी काढली, औषधं चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, "हे एका दिवसात होत नाही. थंडी वाजून येणं कधीपासून होतं?"

मी म्हटलं, गुरुवारपासून. मशीनवर असताना पहिल्यांदा.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मला खरंच तसं वाटत होतं. डायलिसिसनंतर तर सगळ्यांनाच वाजते.

११ मे, रविवार

सकाळी कल्याणी पुढे गेली होती. शुक्रवारी, शनिवारी रिक्षाने गेलो होतो, आज मी एकटा गाडी घेऊन निघालो. येरवड्याच्या सिग्नलला गाडी उकळली.

मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसलो. मग शकीलभाईंना फोन केला. रविवार असून ते स्कूटरवर आले. बॉनेट उघडलं, वाफ जाऊ दिली, नवा पंप, रिले, सगळं पाहिलं. सगळं चालू. त्यांनी वही मागितली. मी ती गाडीतच ठेवतो. फूटपाथवर उभं राहून त्यांनी शेवटची पानं उलटली, मी अडवलं नाही. गाडीची आणि आमची पानं एकातच मिसळलीत आता.

म्हणाले, "साहेब, पंधरा फेऱ्या तापली नाही. आज तापली. आज काय वेगळं केलं?"

काही नाही, म्हटलं. मी एकटा होतो. हिरा नव्हती.

ते वाचत होते. त्यांचं बोट एका जागी थांबलं. "हे हीटर कधी लावता?"

येताना लावतो, म्हटलं. पहिल्यापासून. आणि बावीस तारखेपासून जातानाही.

त्यांनी वही मिटली. मग हळू आवाजात समजावून सांगितलं. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला छोटा रेडिएटर. तो लावला की इंजिनची उष्णता ओढून आत गाडीत सोडतो. घाटात गाडी तापली की जुने ड्रायव्हर हेच करतात. "पहिल्याच दिवशी तुम्हाला सांगणार होतो की तापली तर हीटर लावा. मग म्हटलं, वहिनी आजारी, एप्रिलचं ऊन, बाईमाणसाला भट्टीत कसं बसवायचं. म्हणून नाही बोललो. आणि एसीचं लिहायला सांगितलं, हीटरचं विचारावं असं मला सुचलंच नाही. पुण्यात कोण लावतं?"

म्हणजे रेडिएटर पहिल्या दिवसापासून चोंदलेलाच होता. चारला गाडी थंड राहायची, कारण हिरा गारठलेली असायची. आणि पंप बदलल्याने काहीही झालं नव्हतं. बावीस तारखेला गाडी सुधारली नव्हती.

शकीलभाई गाडी ओढून घेऊन गेले. मी रिक्षाने दवाखान्यात आलो. आयसीयूच्या बाहेर बसून पहिल्यापासून प्रत्येक तारखेपुढे नवा रकाना आखला आणि हीटरची नोंद भरली. बावीस एप्रिल, जाताना चालू. चोवीस, चालू. सव्वीस, चालू. एकोणतीस, चालू, आणि त्याच ओळीत माझ्या अक्षरात, थंडी नाही असं मीच सांगितल्याची नोंद. सतरा दिवस ती तापाने कापत होती आणि मी लाल शाईने आनंद लिहीत होतो. आयुष्यभर लोकांचे काटे खोटे ठरवले. शेजारी बायको बसलेली, तिला हात लावून पाहिलं नाही.

१२ मे, सोमवार

पौर्णिमा. कल्याणी सकाळी घरी जाऊन मूर्तीपुढे मेणबत्ती लावून आली. ती नसताना मी डॉक्टरांना गाठलं आणि सांगितलं, गुरुवारपासून नाही, बावीस एप्रिलपासून. वही दाखवली. त्यांनी तारीख केस पेपरवर लिहून घेतली. मी विचारलं, त्याच आठवड्यात सांगितलं असतं तर? ते म्हणाले, आता असा विचार करू नका. मी पुन्हा विचारलं. म्हणाले, तेव्हा झडपेपर्यंत गेलं नसतं बहुधा.

हिराला पाच मिनिटं भेटू दिलं. तोंडात नळी, बोलता येत नाही. डोळे उघडे होते. मी सांगितलं, आज पौर्णिमा आहे, घरी दिवा लागलाय. तिचा हात हातात घेतला. गरम होता.

१७ मे, शनिवार

हिरा गेली. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी.

२६ मे, सोमवार

शकीलभाई गाडी घेऊन आले. नवा रेडिएटर बसवलाय. जुना दाखवायला आणला होता, नळ्यांत पांढरा दगड जमलेला. सोसायटीच्या बोअरचं पाणी. कूलंट म्हणजे रंगीत पाणी, असं माझं मत होतं, त्यामुळे वर्षानुवर्षं मीच बोअरचं ओतलं. ते बसले, चहा घेतला नाही, हिराच्या फोटोला हात जोडले. जाताना म्हणाले, वही वाचून मी रेडिएटर सोडला, माझीही चूक आहे साहेब. मी म्हटलं, वही मी लिहिली.

ते गेल्यावर कल्याणीने विचारलं, कसली वही? परवा ती परत जाणार आहे. न सांगता जाऊ देता आलं असतं. मी वही तिच्या हातात दिली आणि समोर बसून राहिलो. तिने सगळी वाचली. मधे एकदा उठून पाणी प्यायली, पुन्हा वाचायला बसली.

वाचून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि एकोणतीस तारखेचं पान माझ्यासमोर धरलं. "बाबा, इथे लिहिलंय, आईलाच ते सांगायचं नव्हतं. तिचा स्वभाव मला माहीत नाही का? ती दुखणं लपवायची. तुम्हाला तरी कसं कळणार होतं?"

ती मनापासून म्हणत होती. मी मान हलवली असती तर विषय तिथेच संपला असता. तिलाही हलकं वाटलं असतं, मलाही.

मी म्हटलं, "तिने सिस्टरपासून लपवलं. माझ्यापासून काही लपवलं नाही. थंडी वाजतेय, असं ती मला रोज सांगत होती. आणि मी रोज हीटर लावला."